जीपवर बसवलेली व्हॅन

जीपची चासी कापली त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा घाबरले.

सकाळी माझ्या यजमानांनी स्वतः खडूनं रेघ मारली होती. दोनदा टेप धरून मोजलं, वेल्डरला जवळ बोलावलं आणि "इथंच काप, केसभर इकडंतिकडं नको" असं बजावलं. त्यानं कापलं. ठिणग्या उडत होत्या तेव्हा यजमान डोळ्यांवर हात धरून बघत उभे होते. मग आम्ही तिघं नारळाखाली बसून जेवलो. मी घरून आमटी-भात आणि डांगर नेलं होतं. जेवून ते थोडा वेळ आडवे झाले, उठले, शेडमध्ये गेले आणि दोन तुकडे झालेल्या चासीसमोर, गाडीच्या त्या लोखंडी सांगाड्यासमोर, थबकले.

"ही कोणी कापली?" त्यांनी वेल्डरला विचारलं.

वेल्डर हसला. यजमानांना तो अय्या म्हणायचा, म्हणजे साहेब. अय्या थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. पण मी यजमानांचा चेहरा बघत होते. त्यांचा आवाज चढलेला होता. त्यांनी खाली वाकून खडूची रेघ पाहिली, आकडे पाहिले, आपलंच अक्षर ओळखलं, आणि मग तेही हसले. "मीच की सांगितलं," म्हणाले.

ते हसू उशिरा आलं. मी मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. उत्तर येत नसलं की शेजारणीच्या वहीत बघून मग मान डोलावणाऱ्या मुली मला लांबून ओळखू येतात. मी डबे घासायला विहिरीवर गेले आणि तिथंच बराच वेळ बसून राहिले.

आम्ही कुंभकोणमचे. महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आमचे लोक इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचा कोणी पाहुणा आला की आमचं बोलणं गमतीनं ऐकत बसतो. त्याला ते फार जुनं वाटतं. मी लिहिते आहे ती मराठी पुस्तकं वाचून शिकलेली आहे.

यजमान सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला जाणाऱ्या लेकुरवाळ्या, गरोदर बायकांना तिच्यातून नेऊ लागले. खड्डा आला की इतक्या हळू घ्यायचे की मागून रिक्षावाले ओरडायचे. दहा वर्षांनी तिचं इंजिन संपलं. अंग मात्र चांगलं होतं, कुठं गंज नाही, दारं अजून एका हातानं सरकत होती.

जीप आमच्या बागेतली. इन्नंबूरच्या पुढं, कोळ्ळिडम नदीच्या बांधाच्या आत, नदीच्या बाजूला, आमची थोडी नारळाची बाग आहे. आधीच्या मालकाची जीप तिथंच पत्र्याखाली पडून होती. वरचं सगळं गंजून गेलेलं, पण इंजिन आणि चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा शाबूत. एका वर्षी नदीला वरून पाणी सोडलं तेव्हा बांधापासून बागेपर्यंतची वाट चिखलात गेली. बाग राखणारं जोडपं दोन दिवस पंपाच्या खोलीवर बसून होतं. ट्रॅक्टरवाला यायला तयार होईना. तेव्हापासून यजमानांच्या डोक्यात हे शिरलं. जीपची चासी थोडी लांबवायची, तिच्यावर व्हॅनचं अंग बसवायचं, म्हणजे चिखलातून आठ माणसं बाहेर काढणारी गाडी होईल.

"या वयात कशाला?" मी म्हटलं होतं.

"मग सुम्मा बसून राहू?" ते म्हणाले. सुम्मा म्हणजे उगीच. आमच्या मराठीत हा तमिळ शब्द इतका मुरला आहे की त्याला दुसरा शब्दच आम्हाला सुचत नाही.

परवान्याच्या कचेरीत आम्ही दोघं जाऊन आलो. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, अर्ज करा, तपासणी होईल, पण मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत हिचं चाक रस्त्याला लागता कामा नये. म्हणून सगळं काम बागेतल्या शेडमध्येच करायचं ठरलं. वेल्डर स्वामीमलैचा. आधी मूर्ती ओतणाऱ्यांकडं काम केलेला, अबोल, साठीला आलेला माणूस. यजमानांना तो डेपोच्या दिवसांपासून ओळखत होता.

चासीच्या त्या दुपारनंतर मी लक्ष ठेवू लागले. लक्ष ठेवलं की दिसतंच. विड्याची पानं सकाळी आणली असताना संध्याकाळी पुन्हा आणणं. मुलीचा चेन्नैहून फोन येऊन गेला असताना "तिचा फोन नाही आला?" असं विचारणं. एकदा अरसलार नदीच्या पुलावर त्यांनी मोपेड थांबवली. मी मागं बसले होते. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते समोर बघत होते. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुला कुठं सोडू?" आम्ही दोघं घरीच चाललो होतो.

"घरी," मी म्हटलं. "चला, ऊन लागतंय."

त्यांनी मोपेड सुरू केली आणि वाट न चुकता घरी आणली. मी मागं त्यांचा शर्ट मुठीत धरून बसले होते. घरी उतरल्यावर पाहिलं तर शर्टाला माझ्या घामाचा डाग पडला होता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलीला सांगावं तर ती दुसऱ्या दिवशी येऊन काम बंद पाडेल. आणि ते काम हीच एक जागा होती जिथं ते पहिल्यासारखे होते. पाना हातात घेतला की त्यांची बोटं तरुण व्हायची. त्यांना सांगायचं तर कसं? चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी "तुम्ही चुकलात" असं तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि हे तर चुकण्यापलीकडचं होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. हा माणूस एक गाडी जोडतो आहे, तिच्यात आपण बसणार आहोत, आणि कुठला नट आवळला नि कुठला राहिला हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

मग मी शेडमध्ये काम मागितलं.

"तू?" यजमान हसले. "गणिताच्या बाई गाडीखाली जाणार?"

"घरी बसून कंटाळते," मी म्हटलं. ते खोटं होतं.

वेल्डरनं मला पाने ओळखायला शिकवले. नट किती आवळायचा हे हाताला कळतं, तो म्हणाला, "शेवटचा पाव फेरा तो स्वतः सांगतो, अम्मा." मी जुनी साडी कासोटा घालून नेसायची, फळीवर उताणी पडून गाडीखाली सरकायची. यजमान दुसऱ्या बाजूला गेले की त्यांनी आवळलेला प्रत्येक नट मी पुन्हा तपासायची आणि त्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बहुतेक नट घट्ट असायचे. मला माझीच लाज वाटायची. मग एके दिवशी मागच्या पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगचे, चार नट हातानं फिरले. नुसत्या हातानं. यजमानांनी सकाळीच सांगितलं होतं, "मागचे पाटे झाले, आता बघायला नको."

मी गाडीखाली तशीच पडून राहिले. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ते लोखंड होतं. मग मी ते चारही नट आवळले आणि रेघा ओढल्या. बाहेर आले तेव्हा वेल्डर उभा होता.

"अम्मा," त्यानं हळूच विचारलं, "अय्यांना काही होतंय का?"

"साखर वाढली आहे," मी म्हटलं. "झोप नीट होत नाही."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, पण त्यानं पुढं विचारलं नाही. त्याच वेळी खरं बोलले असते तर पुढचं टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

व्हॅनचं अंग चढवलं त्या दिवशी बांधावरून माणसं बघायला आली होती. साखळीच्या कप्पीनं ते वर उचललं, खालून चासी ढकलत आणली आणि रबराच्या जाड चकत्यांवर अलगद टेकवलं. एका जागी बोटभर अंतर पडलं होतं, ते वेल्डरनं पट्टी लावून भरलं. यजमान भोवती फिरत होते, पत्र्यावर थापा मारत होते. मीही त्या दिवशी भीती विसरले.

व्हॅनच्या आत मात्र छतावर आणि बाजूच्या पत्र्यांवर खडूच्या खुणाच खुणा होत्या. गोल, फुल्या, बाण, आकडे. मापं घेताना केलेल्या असतील असं मी धरून चालले. पुढच्या आठवड्यात यजमान पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते, तेव्हा राखणदारणीला हाताशी घेऊन मी आतला पत्रा साबणाच्या पाण्यानं धुतला आणि सगळीकडं दुधी रंग दिला. त्यांना चकित करायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते आत चढले आणि छताकडं बघत कितीतरी वेळ उभे राहिले.

"आवडलं नाही?" मी विचारलं.

"छान झालंय," ते म्हणाले.

शेडमधल्या जुन्या डब्यांत उरलेल्या रंगांनी मी दांड्यांच्या मुठीही रंगवल्या. गाडीत चार दांडे होते. गियरचा काळा, चार चाकांचा पिवळा, कमी वेगाच्या ताकदीचा हिरवा आणि हँडब्रेकचा तांबडा. शोभेसाठी, असं मी सांगितलं. खरं कारण मनात ठेवलं.

पोंगल होऊन गेल्यावर एका दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी गाडी शेडबाहेर काढली. वेल्डर मागून चालत होता. मी शेजारच्या जागेवर बसले. त्यांनी "तू उतर, आधी मी एकटा बघतो" असं म्हटलं, पण मी उतरले नाही. त्यांना एकट्याला सोडायचं माझ्यात धैर्य नव्हतं आणि बरोबर जायचंही नव्हतं. दोन्हींतलं त्यातल्या त्यात कमी भीतीचं मी निवडलं.

बागेत गाडी सुरेख चालली. पाटाशेजारी मुद्दाम पाणी सोडून चिखल केला होता. त्यात मागची चाकं फिरू लागली तसा त्यांनी पिवळा दांडा ओढला आणि गाडी गुरगुरत बाहेर आली. यजमान मोठ्यानं हसले. तसं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. थांबताना मात्र ते ब्रेक दोनदा दाबत होते, एवढं माझ्या लक्षात आलं. नव्या ब्रेकला तसं लागत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

मग ठरलेलं नसताना त्यांनी गाडी बांधाच्या चढावर घातली.

"कुठं चाललात?"

"वरून वळवून आणतो."

वर वळायला जागा नव्हती. गाडी बांधाच्या माथ्यावरून थोडी पुढं जाऊन नदीकडं उतरणाऱ्या दुसऱ्या वाटेला लागली. ती वाट सरळ नदीत जाते, गुरं धुवायला नेतात ती. खाली दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या आणि एक म्हातारी पाठमोरी उभी राहून त्यांना घासत होती.

यजमानांनी ब्रेक दाबला. पाय थेट खालपर्यंत गेला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा. गाडी वेग घेत होती.

"हँडब्रेक!" मी ओरडले.

त्यांनी खाली दांड्यांकडं बघितलं. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता, डावा हात हवेत. चार दांडे समोर होते आणि तो हात एकावरही जाईना. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मी विसरू शकत नाही. म्हातारी, म्हशी, नदी, काही मला दिसेना. तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस लहान मुलासारखा माझ्याकडं बघून विचारत होता, कुठला.

मी तांबडी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग मागं टाकून ओढली. खालून करकरत आवाज आला, जळका वास आला, गाडी तिरकी झाली, वाळूवरून घसरत गेली आणि एका जुन्या ताडाच्या बुंध्याला बाजू टेकून थांबली. म्हातारीनं वळून बघितलं आणि तमिळमध्ये आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या शिव्या ऐकून मला रडू आलं. ती शिव्या देत होती म्हणजे जिवंत होती.

वेल्डर धापा टाकत आला. त्यानं आधी आम्हाला पाहिलं, मग गाडीखाली डोकावला. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, मधल्या फिरत्या दांडीला असतो, आणि पिवळा दांडा ओढलेलाच राहिला होता म्हणून एकाच ब्रेकनं चारही चाकं धरली, असं त्यानं सांगितलं. "नाहीतर पाण्यात गेला असतात, अम्मा." मग त्यानं ब्रेकच्या नळीला हात लावला आणि यजमानांना विचारलं, "अय्या, मागची हवा काढली नव्हती?"

चासी लांबवली तेव्हा नळीही लांब केली होती. तेल भरल्यावर तिच्यातली हवा काढावी लागते, नाहीतर ब्रेक लागत नाही. पुढची काढली होती, मागची राहिली होती.

यजमान वाळूत बसले. वेल्डरला कळू नये म्हणून ते मला आमच्या मराठीत म्हणाले, "मी लिहून ठेवलं होतं."

"कुठं?"

"छतावर. झालं की गोल, राहिलं की फुली. ध्यानात राहत नाही ग माझ्या. पावसाळ्यापासून राहत नाही. डेपोत आम्ही खडूनं असंच करायचो, म्हणून कोणाला संशय आला नसता."

ज्या छताला मी मायेनं रंग दिला होता, ते त्यांचं सगळं स्मरण होतं. मी साबण लावून पुसलं होतं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू भिशील म्हणून," ते म्हणाले.

"मी नटांवर रेघा ओढते आहे दोन महिने," मी म्हटलं. "तुमच्या मागून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी मान वर केली. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी माझा हात घेऊन बघितला. तळव्याला पान्यानं घट्टे पडले होते. "ते पाट्याचे नट तूच आवळलेस तर," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर घट्ट होते. मला वाटलं, इतकंही वाईट नाही अजून."

वेल्डर लांब जाऊन म्हातारीची समजूत घालत होता. आम्ही दोघं रडलो. वाळूत, भर उजेडात, माणसं बघत असताना. नंतर वेल्डर परत आला तेव्हा मी त्याला तमिळमध्ये सगळं सांगितलं. साखरेचं खोटं होतं हेही सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं, अम्मा. मीही भ्यालो होतो विचारायला."

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. ती आली, तंजावरला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, तपासण्या केल्या. हा विसरण्याचा आजार आहे, औषधानं तो सावकाश चालेल पण थांबणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद. यजमानांनी मोपेडची किल्ली स्वतः काढून माझ्या हातात दिली. मुलगी म्हणाली, ती गाडी भंगारात घाला. मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत मुलीसमोर मी पहिल्यांदाच इतक्या जोरानं नको म्हटलं असेन.

पुढचं काम आम्ही तिघांनी केलं. यजमान खुर्चीवर बसून सांगायचे, वेल्डर आणि मी करायचो, आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून शेडच्या भिंतीवर तेलरंगानं लिहायचो. ब्रेकची हवा चार वेळा काढली. चौथ्यांदा माझ्या समाधानासाठी. बासष्टाव्या वर्षी मी बागेत गाडी चालवायला शिकले. नारळाची दोन कोवळी झाडं आडवी केली आणि पंपाच्या खोलीचा कोपरा पाडला.

मंजुरीचा कागद अजून आलेला नाही. कचेरीतले लोक तपासणीला येऊन गेले, बघून गेले, आणखी एक दाखला हवा म्हणाले. तोवर गाडी बागेतच असते, बांधाच्या पायथ्यापर्यंत जाते आणि परत येते.

यंदा नदीला पाणी सोडलं तेव्हा राखणदाराला ताप होता, उभं राहता येत नव्हतं. चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखल होता. मी पिवळा दांडा ओढला, मग हिरवा, आणि निघाले. मागच्या बाकावर तो आडवा, त्याची बायको आणि तीन शेळ्या. यजमान शेजारी. गाडी डावीकडं कलली की माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा.

"पाय काढू नको," ते म्हणाले. "सावकाश. तिला जाऊ दे तिच्या चालीनं."

"मला भीती वाटतेय."

"मलाही," ते म्हणाले. "डावीकडं घे थोडं."

बांधाच्या पायथ्याशी लोकांनी राखणदाराला उचलून वर नेलं. तिथं अॅम्ब्युलन्स उभी होती. तो आता बरा आहे.

यजमानांची वाईट सकाळ असली की ते मला आमच्या थोरल्या नणंदेच्या नावानं हाक मारतात. मी ओ देते. पुढल्या वर्षी कुठलं नाव असेल, किंवा असेल की नाही, याचा विचार येतो. पूर्वी मी असा विचार आला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायची. आता त्यांच्याजवळ जाऊन बसते आणि सांगते की मी भ्याले आहे. त्यांना कधी कारण कळतं, कधी नाही. ते थोडं सरकून मला जागा करून देतात.